भाड्याची खोली आणि धूर : घरमालकाच्या एका कर्तव्याचा इतिहास

पुण्याहून अहिल्यानगरकडे, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगरकडे, जाणाऱ्या रस्त्यावर शिरूर तालुक्यात रांजणगाव आहे. अष्टविनायकांपैकी महागणपतीचे स्थान म्हणून हे गाव महाराष्ट्रास परिचित आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीमुळे ह्या गावास दुसरी ओळख प्राप्त झाली. वसाहतीबरोबर कारखाने आले, कारखान्यांबरोबर मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश, ओरिसा अशा दूरदूरच्या प्रदेशांतून कामकरी आले, आणि त्यांच्या निवाऱ्यासाठी रांजणगाव, कारेगाव, ढोकसांगवी ह्या गावांत भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. ज्याची शेतजमीन वसाहतीत गेली त्याने मोबदल्याच्या पैशातून खोल्या बांधल्या. शेतकरी घरमालक झाला. ह्या स्थित्यंतराचा आर्थिक अंगाने विचार झाला आहे व पुढेही होईल. प्रस्तुत लेखात मात्र एका लहानशा आणि वरवर पाहता क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नापुरताच विचार करावयाचा आहे. खोली भाड्याने देणाऱ्याने आत राहणाऱ्यास धुराची व विषारी वायूची पूर्वसूचना मिळावी अशी तजवीज करावी, असे कर्तव्य आपल्या कायद्याने त्याच्यावर कधी घातले काय, आणि घातले नसल्यास ते का घातले नाही, हा तो प्रश्न होय.

प्रश्न सुचण्याचे कारण सांगितले पाहिजे. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०१५ पासून खासगी घरमालकास भाड्याच्या घराच्या प्रत्येक वापरत्या मजल्यावर निदान एक धूरसूचक यंत्र बसविणे सक्तीचे झाले. ज्या खोलीत लाकूड वा कोळसा जाळण्याची चूल असेल तेथे कार्बन मोनॉक्साइड वायूची सूचना देणारे यंत्रही बसवावे लागते. नवी भाडेपट्टी ज्या दिवशी सुरू होते त्या दिवशी ही यंत्रे चालू आहेत की नाहीत हे मालकाने पाहावयाचे असते. कसूर केल्यास स्थानिक संस्था प्रथम सुधारणेची नोटीस देते, आणि तीही न पाळल्यास पाच हजार पौंडांपर्यंत दंड करू शकते. १ ऑक्टोबर २०२२ पासून हे नियम अधिक विस्तृत झाले. वायूयंत्राची सक्ती स्वयंपाकाच्या गॅसशेगडीखेरीज इतर सर्व पक्क्या बसविलेल्या ज्वलनसाधनांना लागू झाली, सार्वजनिक संस्थांची भाड्याची घरेही कक्षेत आली, आणि यंत्र बिघडल्याचे भाडेकरूने कळविल्यावर ते दुरुस्त करण्याची जबाबदारी मालकावर आली. महाराष्ट्रात अशा प्रकारचा नियम नाही. परंतु ‘तेथे आहे, येथे नाही’ एवढ्यावर थांबणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम नव्हे. आपल्याकडे भाड्याच्या घराविषयी कायदे पुष्कळ झाले. त्यांनी काय काय पाहिले हे तपासले म्हणजे काय पाहिले नाही ह्याचा उलगडा होतो.

प्रथम त्या वायूविषयी थोडे लिहिणे अवश्य आहे, कारण सारा प्रश्न त्याच्या स्वभावावर अवलंबून आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, चव नाही. इंधनास पुरेशी हवा न मिळता ते अर्धवट जळले की तो निर्माण होतो. रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यावयाचा त्या द्रव्याशी हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे ते अडीचशे पट अधिक ओढीने जडतो. त्यामुळे हवेत त्याचे प्रमाण अत्यल्प असले तरी काही तासांत शरीर प्राणवायूस मुकते. डोके जड होते, मळमळते, झोप येते. निजलेला मनुष्य उठत नाही. ह्या वायूचा शास्त्रशुद्ध अभ्यास जे. एस. हाल्डेन ह्या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून केला व १८९५ साली प्रसिद्ध केला. पुढल्याच वर्षी, १८९६ च्या जानेवारीत, वेल्समधील टायलर्सटाउन येथील कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ५७ माणसे मृत्यू पावली. हाल्डेनने तपास करून दाखविले, की त्यांतील बहुतेक स्फोटाच्या आघाताने मेली नव्हती. स्फोटानंतर खाणीत साचलेल्या ह्याच वायूने त्यांचा प्राण घेतला होता. खाणीत पिंजऱ्यातला लहान पक्षी नेण्याची सूचना त्यानेच केली. मनुष्याच्या आधी पक्षी कासावीस होतो, आणि तेवढा अवधी माणसास निसटण्यास पुरतो. भिंतीवरचे आजचे यंत्र हे त्या पिंजऱ्यातल्या पक्ष्याचेच रूपांतर आहे.

१८९६ हे वर्ष मुंबई इलाख्याच्या इतिहासातही घरांच्या दृष्टीने निर्णायक ठरले, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मुंबईत ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची, साथ प्रकट झाली. तोपर्यंत गिरणगावातील चाळ ही सरकारच्या दृष्टीने मालमत्ता होती. साथीने ती रोगाची खाण ठरविली. ‘मानवी वस्तीस अयोग्य’ असे शिक्के घरांवर उमटू लागले, कौले काढून आत ऊन सोडण्यात आले, आणि १८९८ च्या कायद्याने मुंबईत सुधारणा विश्वस्त मंडळ, म्हणजे सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. घर कसे बांधलेले असावे हे मालकाच्या मर्जीवर सोडता येणार नाही, हे तत्त्व आपल्याकडे खऱ्या अर्थाने येथे रुजले. ह्या मंडळाचे अध्यक्ष जे. पी. ऑर ह्यांनी १९१२ च्या सुमारास मुंबईच्या घरांतील उजेड व हवा ह्या विषयाचा मोठ्या आग्रहाने पुरस्कार केला. खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात रेषा काढली असता समोरची इमारत त्या रेषेच्या वर येता कामा नये, हा त्यांचा प्रसिद्ध नियम. हिशेब साधा आहे. समोरच्या इमारतीची जेवढी उंची, त्याच्या निम्मी मोकळी जागा मध्ये हवी. ह्या कोनाच्या मोजमापावर पुढील पिढीतील अनेक चाळींचे नकाशे आखले गेले.

परंतु ऑर ह्यांचा कोन बाहेरून आत येणाऱ्या गोष्टींचा विचार करतो. खोलीतच निर्माण होऊन बाहेर जाऊ न शकणाऱ्या गोष्टीचा त्यात विचार नाही. चाळीतील एका खोलीत निजणे, जेवणे, रांधणे, आजारपण, बाळंतपण सर्व होई. रांधण्यासाठी कोळशाची शेगडी होती. चाळीत वाढलेल्या जुन्या पिढीस आठवत असेल की शेगडी प्रथम गॅलरीत पेटवीत, धूर निघून जाईपर्यंत तेथेच ठेवीत, आणि निखारे लाल झाले की आत आणीत. डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून काढलेली ही युक्ती मोठी विपरीत होती. धूर दिसेनासा झाला म्हणजे शेगडी निर्धोक झाली असा समज होता. वस्तुतः धगधगत्या निखाऱ्यांतूनच कार्बन मोनॉक्साइड विपुल निघतो, आणि त्याबरोबर इशारा देणारा धूर मात्र नसतो. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून दारेखिडक्या लावून घेण्याची चालही तशीच. ह्या खोल्यांतील झडपा, गवाक्षे व बाल्कन्या ह्यांविषयी सुधारणा मंडळाच्या लिखाणात जेवढे आहे त्याच्या शतांशही शेगडीविषयी नाही.

१९१२ साली मुंबईत धुराविषयी एक कायदा झाला, आणि तो ह्या संदर्भात बोलका आहे. मुंबई धूरउपद्रव कायदा असे त्याचे स्वरूप. भट्ट्या व गिरण्यांची धुराडी ह्यांतून निघणाऱ्या काळ्या धुरावर त्याने नियंत्रण आणले. तो धूर शहरावर पसरे, मलबार हिलवरही जाई. गिरणीत राबणाऱ्याच्या खोलीत त्याच्याच शेगडीने होणारा धूर ह्या कायद्याच्या व्याख्येत बसत नव्हता. माझ्या मते आपल्या घरविषयक कायद्यांचे मर्म ह्या एका उदाहरणात सापडते. अपाय जोपर्यंत खोलीच्या भिंती ओलांडून बाहेर येत नाही तोपर्यंत कायदा मालकाच्या दारावर थाप मारीत नाही. प्लेग भिंत ओलांडून गेला म्हणून सुधारणा मंडळ आले. गिरणीचा धूर रस्त्यावर आला म्हणून धुराचा कायदा आला. जुन्या इमारती रस्त्यावर कोसळू लागल्या तेव्हा १९६९ साली मुंबईत इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा आला. बंद खोलीत निजलेल्या दोन माणसांचा श्वास थांबतो तेव्हा शेजारच्या खोलीतही कोणास कळत नाही.

सरकारने स्वतः घरमालक होऊन पाहिले तेव्हाही हेच घडले. १९२० साली स्थापन झालेल्या विकास खात्याने वरळी येथे १२१, नायगाव येथे ४२, डिलाइल रस्त्यावर ३२ व शिवडी येथे १२, अशा एकूण २०७ चाळी बांधल्या. प्रत्येकीत ८० खोल्या, म्हणजे एकंदर साडेसोळा हजारांवर कुटुंबांची सोय. बी. डी. डी. चाळी ह्या नावाने त्या प्रसिद्ध आहेत व आता त्यांचा पुनर्विकास चालू आहे. आगीस न जुमानणारे काँक्रीट वापरून त्या बांधल्या गेल्या, हा त्या काळी प्रशंसेचा विषय होता. भिंत जळू नये ह्याची काळजी घेतली गेली. आतल्या माणसाचा श्वास हा वेगळा प्रश्न आहे, हे तेव्हा कोणाच्या ध्यानी आले नाही. हाल्डेनचे संशोधन तोपर्यंत पंचवीस वर्षांचे जुने झाले होते; पण ते खाणीचे ज्ञान मानले जाई, घराचे नव्हे.

ह्यानंतरचे अर्धशतक भाडेनियंत्रणाचे आहे. पहिल्या महायुद्धातील टंचाईमुळे १९१८ साली, पुन्हा १९३९ साली, आणि अखेर १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठविली गेली. १९४७ च्या कायद्यातील दोन कलमे आपल्या विषयाशी निगडित आहेत. तेविसाव्या कलमाने जागा चांगल्या व राहण्यायोग्य दुरुस्तीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य ठरविले. चोविसाव्याने अत्यावश्यक पुरवठा वा सेवा तोडण्यास मनाई केली, आणि त्यात पाणी, वीज, जिन्यातील व बोळातील दिवे, लिफ्ट व स्वच्छता ह्यांचा उल्लेख केला. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यात हीच कलमे अनुक्रमे चौदावे व एकोणतिसावे होऊन आली. शब्दांत थोडा फेरफार झाला, दृष्टी तीच राहिली. जिन्यातील दिवा हा कायद्याच्या दृष्टीने अत्यावश्यक आहे, कारण जिना सर्वांचा आहे. खोलीतील हवेचा उल्लेख नाही.

तथापि भाडेनियंत्रणाने झालेली हानी केवळ ह्या मौनाची नाही. भाडे १९४० च्या पातळीवर गोठल्याने मालकाकडून काही नवे करून घेण्याचा नैतिक अधिकारच क्षीण झाला. जो मालक खिडकीचे गज बदलीत नाही तो भिंतीवर यंत्र काय बसविणार, असे कोणीही म्हणावे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मलपे विश्वनाथ आचार्य ह्यांच्या खटल्यात गोठलेली भाडी आता अवाजवी झाली आहेत असा निर्णय दिला, त्यामागेही हीच परिस्थिती होती. भाडेकरूंच्या चळवळीनेही भाडे व निष्कासन ह्या दोन प्रश्नांवर सारी शक्ती खर्च केली. तिला दोष देण्याचे कारण नाही. ज्याचे छप्परच जाण्याच्या मार्गावर आहे तो छपराखालच्या हवेविषयी मोर्चा काढीत नाही.

आता रांजणगावकडे वळू. येथे गोठलेले भाडे नाही, पागडी नाही, पिढ्यान्‌पिढ्यांचा भाडेकरू नाही. १९९९ च्या कायद्याची लागू क्षेत्रे अनुसूचींत नमूद आहेत आणि त्याचा भर शहरांवर आहे. औद्योगिक खेड्यातील खोली ही अकरा महिन्यांच्या परवानापत्रावर, किंवा पुष्कळदा केवळ तोंडी बोलीवर, दिली जाते. वसाहतीच्या हद्दीत महामंडळाचे नियम व महामंडळाचे अग्निशमन दल आहे. हद्दीच्या रेषेबाहेर पाऊल टाकले की गावठाण व शेतजमिनीचे गट लागतात. तेथे बांधकामाची परवानगी १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या बावन्नाव्या कलमाशी येऊन पोहोचते. कारखान्यात यंत्रावर उभा असताना जो मनुष्य धूरसूचकांच्या छताखाली असतो तोच पाळी संपवून खोलीवर आला की अशा छताखाली येतो जेथे कोणी काही मोजीत नाही.

२००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याने (अंमल ६ डिसेंबर २००८ पासून) मालक व भोगवटादार ह्यांच्यावर आगप्रतिबंधक साधने ठेवण्याची जबाबदारी टाकली, आणि वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, ती साधने सुस्थितीत असल्याचा दाखला देण्याची पद्धत घालून दिली. मालकावर सतत चालणारे कर्तव्य लादणारा हा आपल्याकडील पहिला महत्त्वाचा कायदा असे म्हणावयास हरकत नाही. पण कोणती साधने कोणी ठेवावी हे इमारतीच्या उपयोगावरून व उंचीवरून ठरते, आणि त्यामागे राष्ट्रीय इमारत संहिता आहे, जिची पहिली आवृत्ती १९७० ची व चालू आवृत्ती २०१६ ची. ह्या संहितेत पंधरा मीटर उंचीची रेषा मोठी महत्त्वाची आहे. उंच इमारत, हॉटेल, रुग्णालय, सभागृह ह्यांना स्वयंचलित सूचनायंत्रणेचे नियम आहेत. एक-दोन कुटुंबांच्या घरावर ती सक्ती नाही. तळमजला व वर एक मजला, अशी दहा-बारा खोल्यांची रांग जेथे ‘घर’ म्हणूनच धरली जाते तेथे ह्या नियमांचा हात पोहोचत नाही. ऑर ह्यांनी घर कोनाने मोजले, भाडे कायद्याने रुपयांनी मोजले, अग्निशमन कायदा ते मीटरने मोजतो. २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईत कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील कित्येकांचा अंत ज्वाळांनी नव्हे तर धुराने गुदमरून झाला. त्यानंतर उपाहारगृहांची तपासणी झाली. आग कोठे लागली एवढाच बोध घेतला गेला, माणसे कशाने मेली हा घेतला गेला नाही.

येथे एका जुन्या कायद्याकडे लक्ष वेधावेसे वाटते, कारण माझ्या माहितीप्रमाणे ह्या प्रश्नाच्या चर्चेत त्याचा उल्लेख सहसा होत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८ व्या कलमातील पहिलाच खंड असा आहे, की जागेत, ज्या उपयोगासाठी ती दिली त्या दृष्टीने, महत्त्वाचा दोष असेल, तो देणाऱ्यास ठाऊक असेल व घेणाऱ्यास नसेल, आणि सामान्य काळजीने त्यास तो कळणे शक्य नसेल, तर देणाऱ्याने तो उघड करून सांगितला पाहिजे. त्याच वर्षीचा सुविधाधिकार कायदा १८९१ साली मुंबई इलाख्यास लागू झाला. आजचे सर्व परवानापत्र-व्यवहार त्याच्या बावन्नाव्या कलमातील व्याख्येवर उभे आहेत. त्याचे सत्तावन्नावे कलम परवाना देणाऱ्यास असे बजावते, की परवानाधारकाच्या जीवितास वा मालमत्तेस धोका पोहोचवू शकेल असा जो दोष आपणास माहीत आहे व त्यास नाही तो त्यास सांगावा. अठ्ठावन्नावे कलम जागा धोकादायक होईल असे काही करण्यास मनाई करते. भाडेकरूचे हक्क टाळण्यासाठी म्हणून मालकवर्गाने ज्या परवानापत्राचा आश्रय घेतला त्याच्याच मागील कायद्यात हे कर्तव्य जवळजवळ दीडशे वर्षांपासून स्वस्थ पडून आहे, ह्यात थोडी गंमत आहे.

सामान्य काळजीने न कळणारा दोष म्हणून ज्याचे वर्णन करावे तो कार्बन मोनॉक्साइडहून दुसरा कोणता? अडचण ‘माहीत आहे’ ह्या शब्दांत आहे. घरमालकास आपल्या न्हाणीघरातील गॅसच्या गीझरचा दोष माहीत होता हे सिद्ध कसे करावयाचे? न्हाणीघर चार फूट रुंद, पाच फूट लांब, आठ फूट उंच धरू. त्यात १६० घनफूट, म्हणजे सुमारे साडेचार घनमीटर हवा मावते. एक किलो गॅस पूर्ण जळण्यास बारा-तेरा घनमीटर हवा लागते. तासास किलोभर गॅस जाळणारा गीझर आत चालू ठेवून दार-झरोका बंद केला तर वीस-एकवीस मिनिटांच्या ज्वलनास त्या सगळ्या हवेतील प्राणवायू लागेल. प्रत्यक्षात त्याच्या पुष्कळ आधी ज्योत अर्धवट जळू लागते व विषारी वायू निघू लागतो. हा हिशेब शाळेतील विद्यार्थ्यास मांडता येईल, पण मालकाने तो मांडला होता असे कायदा गृहीत धरीत नाही. थंडीच्या दिवसांत न्हाणीघरातील अशा मृत्यूंच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात. पोलिसांच्या दप्तरी त्यांची नोंद ‘अकस्मात मृत्यू’ अशी होते. अकस्मात म्हटले की कारण संपले, आणि कारण संपले की कर्तव्यही संपले.

ह्या संदर्भात केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी संमत केलेल्या नमुना भाडेकरार कायद्याची दुसरी अनुसूची वाचण्याजोगी आहे. राज्यांनी स्वीकारावा म्हणून हा नमुना तयार झाला. इमारतीच्या सांगाड्याची दुरुस्ती, रंगसफेदी, नळवाहिन्या व विजेच्या तारा ही मालकाची कामे ठरली. नळाचे वायसर बदलणे, गटार साफ करणे वगैरे भाडेकरूची ठरली, आणि त्याच यादीत गीझरची दुरुस्तीही आहे. खोलीतील ज्या साधनापासून जीवास सर्वाधिक धोका ते साधन विजेच्या बटणाच्या व खिडकीच्या काचेच्या पंगतीस बसविले गेले. यादी करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर विजेचा गीझर असावा. पण शब्द तेवढाच आहे, आणि उद्या कोणी तो नमुना जशाचा तसा उचलला तर गॅसचा गीझरही भाडेकरूच्याच माथी येईल.

मग इंग्लंडचा नियम मराठीत आणून लावावा काय? माझे मत तसे नाही, आणि त्याची कारणे रांजणगावच्या खोलीतच आहेत. दहा फूट चौरस खोलीत दोन पाळ्यांची चार माणसे राहतात, तेथेच पाच किलोची गॅसटाकी असते, तेथेच लाल मिरचीची फोडणी बसते. अशा छताला धूरसूचक टांगला तर तो दिवसातून दोनदा ओरडेल, आणि तिसऱ्या दिवशी त्यातला सेल भिंतीवरच्या घड्याळात गेलेला असेल. धूरसूचक हा वेगळ्या निजण्याच्या खोलीसाठी घडला. बॅटरीवर चालणारा घरगुती सूचक अमेरिकेत ड्वेन पिअरसॉल ह्यांनी १९६५ मध्ये सिद्ध केला, तेव्हा त्यांच्यासमोर स्वयंपाकघर निराळे व शयनगृह निराळे असलेले घर होते. वायूसूचकाचे तसे नाही. तो फोडणीने वाजत नाही. युरोपीय मानकाप्रमाणे हवेत दशलक्ष भागांत ५० भाग वायू असेल तर तो तासाभरानंतर पण दीड तासाच्या आत, १०० भाग असेल तर दहा ते चाळीस मिनिटांत, आणि ३०० भाग झाले की तीन मिनिटांच्या आत वाजतो. परंतु इंग्लंडच्या नियमातील ‘पक्के बसविलेले साधन’ हे शब्द आणि स्वयंपाकाच्या शेगडीचा अपवाद पाहिला तर रांजणगावातील बहुसंख्य खोल्या त्यातून आपोआप सुटतील. तेथे शेगडी व टाकी दोन्ही भाडेकरूची, बोचक्यात बांधून आणलेली. मालकाने बसविलेले म्हणावे असे एकच साधन राहते, गॅसचा गीझर. नियम करावयाचाच तर त्याच्यापासून आरंभ करावा, आणि तोही यंत्रापूर्वी झरोक्याचा असावा.

झरोका हा शब्द मी मुद्दाम वापरतो. ह्याच देशावरील जुन्या धाब्याच्या घराच्या छतास साणे असे. काही भागांत त्यास सवणे म्हणतात. त्यातून उजेड येई आणि चुलीचा धूर जाई. पाऊस आला की त्यावर झाकण ओढीत. त्याला कोणत्या कायद्याची सक्ती नव्हती. घर बांधणारा व घरात राहणारा एकच असल्याने तशी गरजही नव्हती. जो चुलीपाशी खोकणार त्याच्याच डोक्यावर तो छत घाली. भाड्याच्या खोलीत बांधणारा एक, राहणारा दुसरा, आणि दोघांचा संबंध अकरा महिन्यांचा. काँक्रीटच्या स्लॅबला भोक ठेवले तर गळेल, ह्या रास्त भीतीने साणे गेले. दाराच्या वरची झडप मच्छरांसाठी पुठ्ठ्याने बुजविली गेली. रात्रपाळी करून आलेला मनुष्य दिवसा निजावे म्हणून खिडकीस पडदा ठोकतो. ह्यातील प्रत्येक कृतीस सबळ कारण आहे, कोणीही हलगर्जी नाही, आणि खोली मात्र हवाबंद झाली आहे.

घरोघरच्या चुलीच्या धुराकडे भारतात शास्त्रज्ञांचे लक्ष १९८० नंतर गेले. कर्क स्मिथ व त्यांचे भारतीय सहकारी ह्यांनी गुजरातमधील खेड्यांत केलेली मोजणी १९८३ साली प्रसिद्ध झाली. पुण्यात डॉ. आनंद कर्वे ह्यांच्या संस्थेने १९९६ नंतर सुधारलेल्या चुलींचे काम केले. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातील धुरामुळे जगात ३२ लाख माणसे मृत्यू पावली. परंतु ह्या साऱ्या प्रयत्नांचा नायक स्वतःच्या घरात राहणारी ग्रामीण गृहिणी हा आहे. भाडेकरू व त्याचा मालक ह्यांचा संबंध त्यांत येत नाही. तोच संघटनेने २०१० मध्ये चोवीस तासांसाठी दर घनमीटरास ७ मिलिग्रॅम अशी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा सांगितली होती व २०२१ मध्ये ती ४ वर आणली, ही गोष्ट भाडेपत्र लिहिणाऱ्या वकिलापर्यंत पोहोचण्याचे कारण नव्हते.

इंग्लंडमध्ये तरी ही सक्ती सहजासहजी आली असे नाही. १९९१ साली नव्या घरांत धूरसूचक बसविण्याविषयी तेथील संसदेने स्वतंत्र कायदा केला, पण तो अमलात आणलाच गेला नाही. काम इमारतींच्या नियमांतून करण्यात आले, आणि भाड्याच्या जुन्या घरांना आणखी दोन तपे थांबावे लागले. २०१५ च्या नियमांचा आधारही घरांच्या कायद्यात नसून २०१३ च्या ऊर्जा कायद्याच्या दीडशेव्या कलमात आहे, ही गोष्ट कायद्याच्या इतिहासाच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवावी. कर्तव्य कोठून येते ह्यापेक्षा ते केव्हा तपासले जाते ह्याला महत्त्व आहे. तेथे भाडेपट्टीचा पहिला दिवस ही तपासणीची वेळ ठरली, कारण त्या दिवशी दोन्ही पक्ष त्या खोलीत हजर असतात.

आपल्याकडेही तो दिवस आहे. भाडेकरूची माहिती जवळच्या पोलीस ठाण्यात द्यावी असे आदेश वेळोवेळी निघतात. त्यासाठी छायाचित्र, ओळखपत्र, मूळ गावचा पत्ता लागतो. भाडेकरूपासून समाजास धोका असू शकतो, ह्या गृहीतकावर हे कर्तव्य उभे आहे, आणि ते पाळले जाते. खोलीपासून भाडेकरूस धोका असू शकतो हे गृहीतक अद्याप कोणत्याही नमुन्यात छापलेले नाही. नोंदणीकृत परवानापत्रास जोडावयाच्या परिशिष्टात मालक आपल्या वस्तूंची यादी देतो : पंखा एक, ट्यूब एक, नळ दोन, गीझर एक. वस्तू परत मिळाव्या म्हणून ही यादी असते. गीझरपुढे ‘विजेचा’ की ‘गॅसचा’, आणि न्हाणीघरास झरोका आहे की नाही, हे दोन रकाने त्यात वाढविले तर सुविधाधिकार कायद्याच्या सत्तावन्नाव्या कलमातील ‘माहीत आहे’ हे शब्द मालकाच्या सहीनिशी त्याच कागदावर येतील. त्यासाठी विधिमंडळाकडेही जावे लागणार नाही.